गुरुवारची साक्ष

“उजागरेबाई, आता तुमची साक्ष,” पाळकीणबाई म्हणाल्या आणि बाकांवरची सगळी माणसं माझ्याकडे वळली.

मी उठले. मिशनच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलेलं. चार माणसांपुढे उभं राहायला मी कधी घाबरले नाही. पण त्या गुरुवारी माझ्याजवळ सांगण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

आमच्या मंडळाचं नाव ‘सोबती’. चर्चमागच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी चारला ते भरायचं. ज्यांच्या घरात लकव्याचं माणूस आहे ते यायचे. दोघं-तिघं आपल्या माणसाला चाकाच्या खुर्चीत घालून आणायचे, बाकीचे तासाभरापुरतं शेजाऱ्यांच्या गळ्यात मारून यायचे. आमच्या थोरात पाळकांच्या बायकोने, म्हणजे पाळकीणबाईंनी, हे सुरू केलं होतं. आधी गीत, मग प्रार्थना, मग कामाचं बोलणं: पेशंटला एकट्याने कुशीवर कसं वळवायचं, घास कुठल्या गालात द्यायचा म्हणजे ठसका लागत नाही, पाठीला कुठली पावडर लावायची. शेवटी चहा. मी फटकळ म्हणून गावात प्रसिद्ध आहे, पण या मंडळाबद्दल मी आजही वाकडा शब्द बोलणार नाही. आमच्या यांना झटका आला त्या महिन्यात मंडळाच्या बायकांनी पाळ्या लावून माझ्या घरी डबा पोचवला, यांना आंघोळ घालायला माणूस पाठवला. सख्खे नातेवाईक तेव्हा फोनवरून ‘काळजी घे’ म्हणत होते.

मंडळाचा नियम एकच होता. उठण्याआधी प्रत्येकाने साक्ष द्यायची, म्हणजे त्या आठवड्यात देवाने केलेली एक दया सगळ्यांना सांगायची. रडगाणं गायचं नाही. पाळकीणबाईंचं म्हणणं असं, की रडायला घर आहेच, इथे आलात तर एक तरी चांगली गोष्ट शोधून आणा. नियम चांगला होता. पण अकरा महिन्यांत माणूस किती दया शोधणार? ‘या आठवड्यात पाठीला जखम झाली नाही, देवाची स्तुती असो’, ही साक्ष माझी तीनदा देऊन झाली होती. चार दिवसांनी यांचं पोट साफ झालं, ही त्या आठवड्यातली खरी दया. पण ती काय उभं राहून सांगायची?

आमचे हे म्हणजे दौलतराव उजागरे. एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. गाडीची वेळ, फलाट, कुठे कुठे थांबणार, सगळं अशा खणखणीत आवाजात, की आमच्या तालुक्यात यांचा चेहरा माहीत नसलेली माणसंसुद्धा यांचा आवाज ओळखायची. झटक्याने उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एकच शब्द तेवढा राहिला, तो म्हणजे ‘हलकट’. जन्मात कधी शिवी न दिलेला माणूस. पाणी हवं तरी हलकट, भूक लागली तरी हलकट, माझ्या डोक्यावरून मायेने डावा हात फिरवतानाही हलकट. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूत एखादाच शब्द शिल्लक राहतो, तो कुठला राहील ते आपल्या हातात नसतं. पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले की यांचे डोळे भरून यायचे आणि हे त्यांना सद्गदित होऊन हलकट म्हणायचे. पहिल्यांदा मी लाजेने मेले. पुढे पुढे हसायला लागले. अकराव्या महिन्यात हसूही येईना.

त्या गुरुवारी माझ्या आधी रिबेकाने साक्ष दिली होती. रिबेका त्रिभुवन, वय बत्तीस-तेहतीस, माझीच विद्यार्थिनी. तिचा नवरा नथनेल टेम्पो चालवायचा. चाळिशीच्या आत त्याला झटका आला, आठ महिने तो अंथरुणावर होता, तोंडातून शब्द नाही. पदरात सात वर्षांची मुलगी, प्राची.

“देवाने माझी प्रार्थना ऐकली,” रिबेका म्हणाली. “सिस्टरांच्या घरी खाट मोकळी झाली. पहिलं नाव माझं आहे.”

सिस्टरांचं घर म्हणजे गावाबाहेर दहा किलोमीटरवर रोमन कॅथलिक सिस्टरांनी चालवलेला आश्रम. ज्यांची बरं व्हायची आशा संपली आणि ज्यांच्या घरच्यांचं बळ संपलं, अशा माणसांना त्या मरेपर्यंत सांभाळायच्या. खाटा बाराच. एक मोकळी व्हायची म्हणजे काय व्हायचं, ते कळायला शाळा लागत नाही. आमच्या मंडळातून तीन नावं गेली होती. पहिलं रिबेकाचं, दुसरं माझं. पाळकांचं पत्र दिलं की खाट मिळायची, आणि पत्र रविवारच्या उपासनेनंतर लिहायचं ठरलं होतं. रिबेकाला पुण्याच्या एका मुलींच्या वसतिगृहात शिवणशिक्षिकेची नोकरी चालून आली होती. राहायला खोली, आणि प्राचीची शाळा तिथेच. नथनेल सिस्टरांकडे गेला, की मायलेकी पुण्याला जाणार.

“स्वतःच्या हाताने आपलं माणूस तिकडे टाकायचं, मला काय वाटतंय ते माझं मला माहीत,” ती म्हणाली आणि रडली. “पण मला एकटीला आता उचलवत नाही हो. पाठ गेली माझी.”

सगळ्या बायकांनी तिला जवळ घेतलं. पाळकीणबाईंनी तिचे डोळे पुसले. मीही तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि त्याच वेळी मी आतून जळत होते, हेही सांगून टाकते. तिला खाट मिळाली होती, तिचं रडणं सगळ्यांनी ओंजळीत घेतलं होतं. घरी माझा हलकट वाट बघत होता. माझ्यापाशी सांगायला पाठीच्या जखमेशिवाय काही नव्हतं.

म्हणून मी उठले आणि म्हणाले, “मंगळवारी सकाळी आमची घरची प्रार्थना झाली. मी आमेन म्हटलं. आणि माझ्यामागून हेही म्हणाले. आमेन. अगदी स्पष्ट.”

मंगळवारी सकाळी यांनी पेजेचा चमचा उडवून दिला होता आणि मला हलकट म्हटलं होतं.

मग कोपऱ्यातली एक म्हातारी ‘हालेलूया’ म्हणून ओरडली आणि सगळी माणसं बोलायला लागली. पाळकीणबाईंनी मला मिठी मारली. “अकरा महिन्यांनी!” त्या म्हणत होत्या. “बाई, अकरा महिन्यांनी!” मला फार बरं वाटलं. खोटं का सांगू, झटक्यानंतर एवढं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. गर्दीत रिबेका तेवढी जागेवर बसून होती. तिने डोळे पुसले होते आणि ती माझ्याकडे एकटक बघत होती.

शुक्रवारी दुपारी पाळकीणबाई घरी आल्या. हे झोपले होते, ही देवाचीच कृपा. त्या उशाशी बसल्या, यांचा सुकलेला उजवा हात हातात घेऊन मनात प्रार्थना केली, मग स्वयंपाकघरात आल्या.

“रिबेका सकाळीच आली होती,” त्या म्हणाल्या. “खाट नको म्हणते.”

“का?”

“म्हणते, काकांना अकरा महिन्यांनी वाचा फुटली, आमच्या यांना तर आठच झालेत. मी घाई करत होते. देवाने बाईंच्या तोंडून मला थांबवलं.” पाळकीणबाईंनी सुस्कारा सोडला. “मी म्हटलं, पोरी, रविवारपर्यंत विचार कर. पुण्याची नोकरी परत येत नसते. पण तिचा चेहरा असा झालाय बाई, मला पुढे बोलवलंच नाही. तिच्या विश्वासापुढे मी काय बोलणार?”

त्या गेल्यावर मी ओट्याला टेकून बराच वेळ उभी होते. हात दाखवून अवलक्षण ते हेच. मी ठरवलं, उद्या जायचं आणि रिबेकाला खरं काय ते सांगायचं. तिला एकटीला. फार तर तोंडात मारेल, दुसरं काय करेल? कुणी मानो न मानो, शनिवारी मी तिच्या घरी गेले ते खरं सांगायलाच गेले होते.

तिची खोली रेल्वे स्टेशनच्या मागे, वर पत्रे. दार उघडंच होतं. दारात चपला काढताना माझ्या मनात आलं, हिने खाट सोडली तर दुसरं नाव माझं आहे. शनिवारी दुपारी, चपला काढताना, हे पहिल्यांदा मनात आलं. पहिल्यांदा असं मी म्हणते. आधीच कुठे येऊन बसलं असेल तर देव जाणे.

“या बाई, सलाम!” रिबेका उठली. “बरं झालं आलात. आत्ता तुमचंच नाव काढलं होतं.”

तिने नथनेलला भिंतीला उशा लावून बसवलं होतं. दाढी केली होती, केस ओले करून भांग पाडला होता. त्याच्या तोंडापुढे प्राचीने हातआरसा धरला होता. कोपऱ्यात पुण्याला न्यायची ट्रंक होती, तिच्यातून प्राचीचे फ्रॉक काढून परत खुंट्यांवर टांगले होते.

“सकाळपासून शिकवतेय यांना,” रिबेका म्हणाली. “आ होतं यांना. मे होत नाही. ओठ जुळत नाहीत. काकांचं कसं झालं बाई? आधी आ म्हणायचे का?”

“रिबेका, मला तुझ्याशी जरा बोलायचंय,” मी म्हणाले.

“बोला की. पण आधी यांना सांगा ना. मी सांगते ते यांना खरं वाटत नाही, तोंड फिरवतात. तुम्ही सांगितलं तर खरं वाटेल. तुम्ही बाई आहात.”

नथनेल माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड वाकडं झालं होतं, पण डोळे अगदी स्वच्छ होते. त्या डोळ्यांत आनंद नव्हता, आशाही नव्हती. परीक्षेचा निकाल सांगणाऱ्याकडे पोरं बघतात तसा तो बघत होता.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. तोंड उघडलं. आणि सांगायला लागले. मंगळवारची सकाळ. मी खिडकी उघडली होती. ऊन यांच्या पांघरुणावर आलं होतं. मी प्रार्थना संपवली, आमेन म्हटलं, आणि मागून आवाज आला. आधी मला वाटलं रेडिओ आहे. वळून बघते तर हे. गुरुवारी नव्हतं ते सगळं शनिवारी त्यात आलं, ऊन आलं, रेडिओ आला. वर्गात गोष्ट सांगायची सवय, ती अशी कामाला आली. रिबेकाने तोंडावर पदर दाबला होता. प्राचीने आरसा खाली ठेवला होता.

नथनेलच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मग त्याने मान आरशाकडे केली आणि घशातून आ काढला. लांब, घोगरा, ओढून काढलेला. पोरीने झटकन आरसा उचलला.

“बघा, किती आनंद झाला यांना,” रिबेका म्हणाली. “बाई, तुम्ही काय बोलणार होतात?”

“काही नाही,” मी म्हणाले. “येते मी. हे एकटे आहेत.”

रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून माझी साक्ष सगळ्या मंडळीला सांगितली. दौलतरावांचा आवाज तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, ते म्हणाले, तो आवाज देव परत देतो आहे. मग रिबेकाच्या विश्वासाबद्दल बोलले. मोडणाऱ्या शरीराने आणि न मोडणाऱ्या मनाने ती आपल्या माणसाजवळ राहणार आहे. उपासना सुटल्यावर माणसं ओळीने येऊन मला सलाम करत होती. मी सगळ्यांचे सलाम घेतले. पाळकसाहेब माझ्याशी खाटेबद्दल काही बोलले नाहीत. मला वाटलं, लोकांसमोर बरं दिसत नाही म्हणून बोलले नसतील.

सोमवारी यांना शेजारच्या सुमनकडे सोपवून मी पहिल्या गाडीने सिस्टरांकडे गेले. पिशवीत यांची औषधं, डॉक्टरांचे कागद, दोन धुतलेले पायजमे. आपण शहाण्या आहोत असं समजणाऱ्या बाईला समोरचं किती दिसत नाही बघा.

सिस्टर फिलोमिना तिथल्या मुख्य. म्हाताऱ्या, उंच, बोलायला कमी. त्यांनी मला ऑफिसात बसवलं. त्यांच्या मागच्या खिडकीतून खाटांची खोली दिसत होती. पांढऱ्या चादरी, प्रत्येक खाटेजवळ एक तांब्या, एक सिस्टर कुणाला तरी सावकाश भरवत होती. त्या क्षणी मला त्या खोलीत यांच्यासाठी जागा हवी होती की स्वतःसाठी, ते मी सांगू शकत नाही.

“तुमच्या पाळकांचा काल फोन आला होता,” सिस्टर म्हणाल्या. “फार आनंदात होते. तुमच्या मिस्टरांना वाचा येतेय म्हणे.”

मी पिशवी मांडीवर घेतली.

“म्हणून मी यादीतून तुमचंही नाव काढलं. तिसरं नाव एका आजोबांचं आहे, त्यांना घेणार आहोत. बरे होणाऱ्यांना आम्ही घेत नाही बाई. ते देवाच्या कामात आडवं येणं होतं.”

“काढलं?” मी म्हणाले. “सिस्टर, पण ते बोलत नाहीत.”

सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मग साक्ष?”

मी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होते.

“हे बघा बाई,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “दमलेल्या माणसाच्या तोंडून काय काय निघतं ते मी चाळीस वर्षं ऐकतेय. साक्ष खरी नसेल तर पाळकांना तसं सांगा, एवढंच. पण मग खाट तुम्हाला मिळणार नाही, हे आत्ताच सांगते. पहिलं नाव त्या मुलीचं आहे. ती तुमच्या साक्षीवरच नको म्हणाली ना? मग खाट तिची. त्या आजोबांना मी उद्या दुपारी बारापर्यंत थांबवते.”

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. खरं बोलले तरी खाट माझी नव्हती, खोटं धरून बसले तरी नव्हती. खऱ्याने एवढंच व्हायचं होतं, की रिबेका प्राचीला घेऊन पुण्याला गेली असती. आणि मला द्यावं लागणार होतं ते काय? रविवारचे सलाम. गावात पोरं म्हणाली असती, उजागरेबाई खोटं बोलल्या. पाळकीणबाईंनी मला परत मिठी मारली नसती. बस, एवढंच. माझ्यावरचा यांचा भार एका चमच्याने वाढणार नव्हता. तरीही माझ्या मनात जे आलं ते मी लपवत नाही. मला नाही, तर तिला का?

“नाही सिस्टर,” मी म्हणाले. “आमेन म्हणतात ते. बाकी काही बोलत नाहीत, असं म्हणायचं होतं मला.”

त्यांनी चष्मा लावला. “देवाची स्तुती असो,” त्या म्हणाल्या, आणि मला बसपर्यंत सोडायला एक मुलगी दिली.

मंगळवारी बारा वाजता मी यांच्यासाठी खिमट घोटत होते. घड्याळाकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. पुण्याची जागा दुसरीला गेली. महिना-दोन महिने लोक यांचा आमेन ऐकायला आमच्याकडे येत राहिले. हे प्रत्येकाला हलकट म्हणाले. लोक म्हणायचे, देवाची वेळ असते, आपण घाई करून चालत नाही. कुणाला माझा संशय आला नाही. बाईंवर कोण संशय घेणार? चौथ्या वर्षी हे गेले. शेवटच्या दिवशी माझा हात घट्ट धरून त्यांनी तो एकच शब्द दहा वेळा म्हटला, आणि त्यातला प्रत्येक वेळचा अर्थ मला कळला. मी रडले ते त्यांच्यासाठी थोडं आणि माझी सुटका झाली म्हणून जास्त.

नथनेल मात्र जगला. रिबेका घरीच ब्लाउज शिवायची, दर दोन तासांनी उठून त्याला वळवायची. प्राची आठवीनंतर शाळेत गेली नाही, आईला एकटीला उचलवेना म्हणून. पाळकसाहेबांची बदली झाली, त्यांच्याबरोबर पाळकीणबाई गेल्या, मंडळ हळूहळू बंद पडलं. तरी मी दर गुरुवारी रिबेकाकडे जात राहिले. चादर बदलायला मदत करायची, भाजी निवडून द्यायची. ती मला देवमाणूस म्हणायची. दर खेपेला ते ऐकून घ्यायचं, ही माझी शिक्षा आहे असं मी मानत होते. शिक्षा कसली, तीही मला सोसेल एवढीच मी बेतून घेतली होती.

गेल्या वर्षी मला छातीचं दुखणं झालं. डॉक्टर म्हणाले, सांभाळा. मला वाटलं, हे खोटं घेऊन देवापुढे जायला नको. पुढच्या गुरुवारी रिबेकाकडे गेले. नथनेलच्या झटक्याला तेव्हा नऊ वर्षं होऊन गेली होती. रिबेका बेचाळीसची होती, आणि माझ्यापेक्षा म्हातारी दिसत होती. पाठीत वाकली होती. ती त्याच्या पाठीला पावडर लावत होती. मी पलीकडून त्याचा खांदा धरला होता.

“रिबेका,” मी म्हणाले, “आमचे हे आमेन म्हणाले नव्हते. कधीच नाही. मी खोटं सांगितलं.”

तिचा हात थांबला नाही. पावडर पसरून झाली, सदरा खाली ओढला.

“बाई, तो पाय उचला जरा,” ती म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून त्याला उताणं केलं, उशी नीट केली. मग तिने माझा दंड धरला आणि मला बाहेर मोरीपाशी नेलं. तिची बोटं दंडात रुतत होती.

“हे यांच्यासमोर का बोललात?” ती म्हणाली. आवाज इतका हळू होता की मला वाकावं लागलं. “मला सांगायचं होतं तर त्या शनिवारी सांगायचं. आज मी काय करू त्याचं? कुठे जाऊ? आणि त्यांनी काय करायचं? रोज सकाळी प्रार्थना झाली की ते आमेन म्हणायला बसतात बाई. अर्धा अर्धा तास. घाम फुटतो त्यांना. एक दिवस चुकवला नाही. त्यांना सगळं कळतं.”

मी तिचे पाय धरायला वाकले. तिने मला धरून उभं केलं, कारण मोरी ओली होती आणि मी पडले असते तर मलाही उचलायचं तिलाच होतं.

ती आत गेली. मी दारात उभी राहिले. ती त्याच्या उशाशी बसली, पदराने त्याचं तोंड पुसलं.

“बाई आता थकल्यात,” ती त्याला म्हणाली, हसून. “वय झालं त्यांचं. कशाचं काय बोलतात. तुम्ही लक्ष देऊ नका. चला, म्हणा. आ…”

नथनेलने तिच्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग त्याने तोंड मिटून घेतलं.

“म्हणा ना,” रिबेका म्हणाली. “आ…”